आतल्या खोलीत गेलेला इसम

मी पास झालो.

वरचं वाक्य चुकून पडलं आहे. परीक्षा मंडळाच्या म्हणण्याप्रमाणे असं काही झालेलंच नाही आणि मंडळाशी वाद घालण्याइतकी माझी छाती नाही. तेव्हा तुम्हीही ते वाचलेलं नाही असं धरून चला. कुणी विचारलंच तर सांगा, गोष्ट इथून खाली सुरू होते.

आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते. मी पंप बनवत नाही. मी हेल्पडेस्कवर बसतो. लोक पासवर्ड विसरतात, मला फोन करतात, मी त्यांना नवा देतो, तो ते विसरतात. माणूस विसरभोळा आहे तोवर आपल्या नोकरीला मरण नाही, अशी माझी समजूत होती. समजुती जरूर असाव्यात, पण त्यांच्या भरवशावर घर भाड्याने घेऊ नये.

एके दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते खुशीत होते, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"ये, एक गंमत दाखवतो," ते म्हणाले आणि त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिच्यावर एक निळं बटण होतं. 'पासवर्ड विसरलात?' साहेबांनी ते दाबलं. नवा पासवर्ड आला.

"किती सोपं आहे ना?"

"हो सर."

"आवडलं?"

"छान आहे सर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? माझी अख्खी नोकरी त्या बटणात मावली होती, आणि बटण दुपारी जेवायला उठत नाही.

"पुढच्या महिन्यापासून सगळ्यांना देतोय," साहेब म्हणाले. मग माझा चेहरा पाहून जरा वरमले. "हे बघ, वर सुरक्षा कक्षात एक खुर्ची रिकामी आहे. तुझं नाव मी सुचवतो. पण तिथे सायबर सुरक्षेचं निदान सुरुवातीचं प्रमाणपत्र तरी लागतं."

"माझ्याकडे नाही ते."

"म्हणून तर खुर्ची रिकामी आहे. महिनाअखेरीपर्यंत आण. नाहीतर मग..." त्यांनी त्या बटणाकडे पाहिलं. बटण गप्प होतं, पण त्याच्या मनात काय आहे ते आम्हा दोघांनाही कळलं.

मी वर जाऊन खुर्ची बघून आलो. तिच्यावर कुणीतरी पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं होतं. खोक्याकडेही प्रमाणपत्र नसावं, पण ते माझ्यापेक्षा निवांत दिसत होतं.

सुरक्षा कक्षात एकच माणूस बसायचा. कंपनीच्या यंत्रणेत कोण आलं, कोण गेलं, कोणी नको तिथे बोट घातलं, हे तो दिवसभर भिंतभर पसरलेल्या स्क्रीनवर बघत असे. त्याची पापणी लवलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून त्याला सगळे 'पापणी' म्हणत.

"पापणी, खरं सांग, ह्या प्रमाणपत्राचा काही उपयोग होतो का?"

"होतो ना," तो स्क्रीनकडे बघतच म्हणाला. "ते नसलं तर तुझा अर्ज मशीन फेकून देतं. असलं तर माणूस फेकून देतो."

"मग फरक काय पडला?"

"माणूस फेकायच्या आधी वाचतो."

"आणि शिकायला काय मिळतं?"

"शब्द मिळतात. आत्ता तू म्हणतोस, काहीतरी गडबड आहे. नंतर तुला कुठली गडबड ते सांगता येतं. गडबड होती तेवढीच राहते."

मी जरा हिरमुसलो असेन. कारण तो पुढे म्हणाला, "घे रे. दार नाही उघडत त्याने, पण दारावर टकटक करताना हात थरथरत नाही." ही दिलासा देण्याची त्याची पद्धत होती. एवढं बोलून त्याने डोळे चोळले नाहीत, म्हणजे तब्येत ठीक होती.

माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणारी मुलगी दिवसभर कानांना हेडफोन लावून बसते आणि तरीही सगळं ऐकते. तिचीही खुर्ची त्याच बटणाखाली होती. तिने इंटरनेटवर शोध घेतला होता. "निम्मे लोक म्हणतात, नुसता कागद आहे. निम्मे म्हणतात, ह्याच कागदावर नोकरी लागली. आणि दोन्हीकडचे भर दुपारी भांडत बसलेत, म्हणजे कामाला कुणीच नाही."

"मग तू करणार का?"

"तू कर आधी," ती म्हणाली. "बुडालास तर मी नाही करणार."

असा माझा गिनीपिग झाला. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणत मी नाव नोंदवलं.

आता घराबद्दल. घरात आम्ही तिघं. मी, आई आणि बाबा. बाबा बसमध्ये तिकीट तपासनीस होते. लग्न ठरण्याआधी त्यांनी माझ्या आजोबांना, म्हणजे होणाऱ्या सासऱ्यांनाच, विनातिकीट पकडून भर रस्त्यात बसमधून उतरवलं होतं. तरीही लग्न झालं.

"माझे वडील म्हणाले, हा माणूस मुलीला कधी फसवणार नाही," आई सांगते. "नाहीच फसवलं. सिनेमालाही नाही नेलं कधी. तिकीट काढलं की ह्यांना तपासावंसं वाटतं."

निवृत्त झाल्यापासून बाबांना तपासायला काही उरलं नव्हतं. दुधाच्या पिशवीवरची तारीख बघायचे. कुणी पाहुणा आला की तो जाईपर्यंत त्याच्या चपलांकडे संशयाने बघायचे. बाकी वेळ खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या बसकडे बघत. बस गेली की मान खाली.

अशा माणसासमोर मी मोठ्याने अभ्यास केला, ही माझी चूक. पुस्तकातच म्हटलं होतं की जे वाचाल ते दुसऱ्याला समजावून सांगा. आई कामात होती. बाबा मोकळे होते.

"सगळ्यांना सगळीकडे जाऊ द्यायचं नाही, बाबा. ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढीच वाट."

बाबांनी चष्मा काढला. "हे कुणी लिहिलंय?"

"मोठमोठ्या लोकांनी."

"सज्जन दिसतात," ते म्हणाले आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून बसले. "पुढे वाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजचे अधिकार ठरले होते. आईला पूर्ण. बाबांना तपासणीपुरते. मला 'फक्त पाहणे'. म्हणजे मी दार उघडून जेवणाकडे बघू शकत होतो. मी भूक लागल्याचं सांगितलं तेव्हा बाबांनी मला वाढीव अधिकारासाठी आईकडे पाठवलं. आईने मला जेवायला वाढलं आणि बाबांनी त्याची वेळ लक्षात ठेवली.

मग मी शिकवलं की घुसखोर कधी अनोळखी बनून येत नाही. साहेब बनून येतो, मित्र बनून येतो, हातात जड खोकं घेऊन येतो म्हणजे तुम्हीच दार धरता. बाबा हळूहळू माझ्याकडेच रोखून बघू लागले. "म्हणजे ओळखीचा चेहरा हा पुरावा नव्हे," ते म्हणाले.

"शाब्बास! अगदी बरोबर," मी म्हणालो. आ बैल मुझे मार, हे ह्यापेक्षा थोडक्यात कुणाला जमलं नसेल.

"एवढी वर्षं मी चेहरा बघून दार उघडत आले," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "कुणाला घेऊन बसलेय घरात, देव जाणे."

त्या दिवसापासून आतल्या खोलीत, जिथे मी अभ्यास करत असे, तिथे जायला दोन गोष्टी लागत. रोज सकाळी बाबा ठरवतील तो परवलीचा शब्द, आणि बाबा आपल्या फोनवरून माझ्या फोनवर पाठवतील तो आकडा. दोन्ही सांगितल्याशिवाय ते दारातली खुर्ची हलवत नसत. मला कौतुक वाटायचं. बाबांची मान ताठ झाली होती. बसकडे त्यांचं लक्ष नसे. आणि माझा अभ्यास पाठ होत होता, कारण कपडे बदलायला जातानाही धडा म्हणून दाखवावा लागे.

पण जसजशी तारीख जवळ आली तसतशी माझी झोप उडाली. सरावाच्या परीक्षेत मी कधी काठावर पास व्हायचो, कधी काठावरून आत पडायचो. बटण अजून यायचं होतं, तरी ऑफिसात लोक पासवर्ड विसरेनासे झाले. फोन वाजायचा नाही आणि मी त्याच्याकडे बघत बसायचो. वाजला की आनंदाने दचकायचो. एक म्हातारा हिशेबनीस सकाळपासून तिसऱ्यांदा पासवर्ड विसरला तेव्हा त्याला मिठी मारावीशी वाटली.

परीक्षा घरूनच द्यायची होती. लॅपटॉपचा कॅमेरा चालू, आणि पलीकडे कुठेतरी बसलेला पर्यवेक्षक तुमच्यावर नजर ठेवणार. नियम असे होते: खोलीत एकट्याने बसायचं. दार बंद. दुसऱ्याचा आवाज नको. फोन खोलीबाहेर. नजर स्क्रीनवरून हलता कामा नये आणि ओठही हलता कामा नयेत. मी लहानपणापासून ओठ हलवत वाचतो. आठवडाभर ओठ दातांत धरून वर्तमानपत्र वाचलं. आईला वाटलं बातम्या फारच वाईट आहेत.

परीक्षेच्या दिवशी सकाळी बाबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. "निर्धास्त जा," ते म्हणाले. "इथून माशी आत जाणार नाही." मी शब्द सांगितला, आकडा सांगितला आणि आत गेलो.

स्क्रीनवर अक्षरं उमटली. पर्यवेक्षक बोलत नव्हता, लिहीत होता.

'कृपया खोली दाखवा.'

मी लॅपटॉप उचलून गोल फिरवला.

'कपाटावर चादर का आहे?'

'मागे आरसा आहे,' मी लिहिलं.

'कृपया चादर काढा.'

काढली.

'खोलीत दुसरी व्यक्ती दिसते आहे.'

'तो मी आहे.'

'कृपया त्या व्यक्तीला बाहेर जाण्यास सांगा.'

मी थोडा डावीकडे सरकलो.

'धन्यवाद. पलंगावर फोन दिसतो आहे. तो खोलीबाहेर ठेवून ताबडतोब परत या. विलंब झाल्यास परीक्षा रद्द होईल.'

मी फोन उचलला, दार उघडलं, बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो खिशात टाकला. मी वळलो. तेवढ्यात बाबांनी पाय आडवा घातला.

"शब्द?"

"बाबा, आत्ताच तर सांगितला!"

"तेव्हा आत जाणाऱ्याने सांगितला. बाहेर कोण आलंय ते मला काय माहीत?"

मी शब्द सांगितला. बाबांनी स्वतःचा फोन काढून सावकाश आकडे दाबले आणि पाठवले. त्यांच्या खिशात माझा फोन वाजला.

"आला बघ," बाबा म्हणाले. "सांग."

"तुमच्या खिशात आलाय."

"मग बघ."

"द्या फोन."

"फोन ज्याचा आहे त्यालाच मिळेल. तू कोण, ते आकडा सांगितल्यावर ठरेल."

"आकडा फोनमध्ये आहे!"

"म्हणून तर म्हणतो, फोनमध्ये बघ."

मी हात जोडले. "बाबा, तुम्हीच बघा आणि मला सांगा."

बाबांना धक्का बसला. "दुसऱ्याचा आकडा बघायचा नाही आणि कुणी मागितला तर द्यायचा नाही. मुलगाच शिकवून गेलाय मला."

"तो मुलगा मीच!"

"सगळे असंच म्हणतात," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला बसचा हेलकावा ऐकू आला. अख्ख्या नोकरीत त्यांना बिनतिकीट भेटलेला प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा मुलगा होता.

दाराच्या फटीतून मला लॅपटॉप दिसत होता. रिकामी खुर्ची दिसत होती. स्क्रीनवर नवी ओळ उमटलेली दिसत होती, पण वाचता येत नव्हती. महिनाअखेर, निळं बटण, खुर्चीवरचं खोकं, सगळं डोळ्यांपुढे एका रांगेत उभं राहिलं. "बाबा, पाया पडतो. नोकरी जाईल हो माझी."

बाबांचा चेहरा हलला. पाय नाही हलला. "रडून आत जाणारेही असतात," ते हळूच म्हणाले. "तोही धडा झालाय आपला." त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनाही हे सोपं जात नव्हतं, पण सोपं जात नाही म्हणून सोडून द्यायची त्यांना सवय नव्हती.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई ओरडली. "अहो! गॅसचा वास येतोय! पळा, पळा!"

बाबा उठले आणि पळाले. मी आत शिरलो, दार लावलं, खुर्चीत बसलो. स्क्रीनवर लिहिलं होतं, 'आपण आहात का?'

'आहे,' मी लिहिलं.

परीक्षा सुरू झाली. मधेच एक प्रश्न असा आला की पहारेकऱ्याला संकटाची खोटी बातमी देऊन जागेवरून हलवणं, ह्याला कुठला हल्ला म्हणतात. बाहेरून आईचा दबका आवाज येत होता, "मला वाटलं तसं... नाक चोंदलंय ना माझं..." मी ओठ दातांत धरले, आईचं स्मरण केलं आणि उत्तर दिलं.

शेवटी स्क्रीनवर जे आलं ते मी सांगत नाही. सुरुवातीला एक वाक्य चुकून पडलं होतं, त्याच्या आसपासचं काहीतरी होतं.

मी उडी मारून बाहेर आलो. आईने मला कुशीत घेतलं. बाबा खुर्चीत बसून होते.

"आत कसा गेलास?" त्यांनी विचारलं.

"दारातून. बाबा, मी पास झालो!"

"आत गेलेला इसम पास झाला असं म्हण."

"अहो, आपलाच आहे तो!" आई म्हणाली. "गॅसचं मी मुद्दाम ओरडले. नाहीतर तुम्ही त्याला तिथेच म्हातारा केला असता."

"मला तेव्हाच कळलं," बाबा म्हणाले. "वास नव्हता. मी कळवून टाकलंय."

"कुणाला?" मी विचारलं.

गडबड झाली तर ती लपवायची नाही, झाकायची नाही, ताबडतोब वर कळवायची, चूक आपली असली तरी. हा शेवटचा धडा होता आणि तो शिकवताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. परीक्षेच्या नियमांच्या तळाशी मंडळाचा तक्रारीचा पत्ता होता. मी आत ओठ चावत बसलेलो असताना बाबांनी बाहेर बसून एका बोटाने फोनवर ईमेल लिहिला होता. मी जागेवरून हललो, ही माझी चूक. त्या वेळात एक इसम तपासणीशिवाय आत गेला. दिसायला तो उमेदवारासारखाच होता. कळावे.

मंडळाचं उत्तर फार लवकर आलं. चांगल्या बातम्या चालत येतात, अशा ईमेलने येतात. खोलीत गेलेल्या व्यक्तीची ओळख शंकास्पद असल्याने सदर परीक्षा झालीच नाही असं समजण्यात येत आहे. प्रवेशावर नजर ठेवणाऱ्या व्यक्तीने, आत गेलेला इसम उमेदवारच असल्याचं त्या वेळी तपासलं होतं, असं लेखी दिल्यास फेरविचार होईल.

"द्या ना मग लिहून," मी म्हणालो.

"त्या वेळी तपासलं नव्हतं."

"पण तुम्हाला माहीत आहे मी होतो ते!"

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "तपासलं नव्हतं."

"बाबा, माझी खुर्ची जाईल."

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, शाबासकी देतील. कळवलं म्हणून." आणि उठून स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे का ते बघून आले. बंदच होता.

ऑफिसात साहेबांना सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग हसायचे थांबले, कारण मी हसत नव्हतो. "ठीक आहे," ते म्हणाले. "आज वरच्या मंडळींबरोबर ऑनलाइन मीटिंग आहे. मंडळाचा निकाल लागेपर्यंत ती खुर्ची राखून ठेवा असं मी सांगतो. माझ्या शब्दाबाहेर नाहीत ते." एवढं बोलून ते गाडीत बसून दुसऱ्या कारखान्यात गेले. मी डेस्कवर बसलो. कित्येक दिवसांनी मला श्वास पोटापर्यंत गेल्यासारखं वाटलं.

दुपारी हेल्पडेस्कचा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"अरे, मी बोलतोय. पासवर्ड चालत नाहीये. मीटिंग सुरू झाली. नवा दे पटकन."

आवाज साहेबांचा होता. घाईही त्यांचीच होती.

"सर, हा नंबर आपल्या नोंदीत नाही."

"इथल्या कुणाचा तरी फोन घेतलाय! माझा बंद पडलाय, आणि ते निळं बटण पासवर्ड त्याच्यावरच पाठवतं. दे लवकर."

नियम असा की पासवर्ड मागणाऱ्याला त्याच्या नोंदीतल्या नंबरवर उलटा फोन करायचा. पूर्वी हा नियम मला माहीत होता, पण लोकांना व्यायामाचा फायदा माहीत असतो तसा. साहेबांचा नोंदीतला दुसरा नंबर म्हणजे त्यांच्या केबिनमधला फोन. केबिनला कुलूप होतं. काचेतून टेबल दिसत होतं.

"सर, मी तुम्हाला केबिनमधल्या फोनवर लावतो."

"मी केबिनमध्ये नाहीये, गाढवा! तुझ्याच खुर्चीसाठी चाललंय इथे सगळं! माझा आवाज ओळखत नाहीस?"

शेजारी हेडफोनवालीने हेडफोन काढले होते, म्हणजे परिस्थिती गंभीर होती. ओळखत होतो हो. ओळखत होतो म्हणूनच तर धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं अशी गत झाली होती. पासवर्ड देणं हे एका कळीचं काम. आत्तापर्यंत मी ते डोळे मिटून केलं होतं.

"सर, आवाज तुमचाच आहे," कुणीतरी म्हणालं. "पण आवाज हा पुरावा नव्हे."

ते मीच म्हणालो होतो. मी केबिनचा नंबर लावला. काचेपलीकडे साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजू लागला. मी आणि हेडफोनवाली तो वाजताना बघत बसलो. वाजून वाजून तो थांबला.

संध्याकाळी साहेब परत आले आणि माझ्या डेस्कपुढे उभे राहिले.

"मांडणारा हजर नाही म्हणून खुर्चीचा विषय पुढे ढकलला," ते म्हणाले. "महिनाअखेरीच्या आत आता मीटिंग नाही."

"सर, मी..."

"तू बरोबर वागलास." त्यांनी खिशातून किल्ली काढली. "असं पापणी म्हणतो. मी म्हणत नाही. मंडळाकडून निकाल आण, मीटिंगची गरज पडणार नाही." आणि केबिनचं कुलूप काढायला गेले.

हेडफोनवालीने खुर्ची माझ्याकडे सरकवली. "मग? करावं का प्रमाणपत्र?"

मी विचार केला. "अभ्यास कर. परीक्षाही दे. घरात कुणाला शिकवू नकोस."

"म्हणजे फायदा आहे?"

"महिन्याभरापूर्वी असता ना हा फोन, मी पासवर्ड देऊन मोकळा झालो असतो."

तिने हेडफोन गळ्यात घेतले. "हे फायद्यात धरायचं की तोट्यात?"

तिने नाव नोंदवायचं पान उघडलं, बंद केलं, परत उघडलं आणि तसंच ठेवून घरी गेली.

मी घरी आलो तेव्हा बाबा आतल्या खोलीच्या दारात बसले होते. मी त्यांना आजच्या फोनची हकीकत सांगितली. ऐकता ऐकता ते खुर्चीत सरळ होत गेले. "दिला नाहीस?" त्यांनी दोनदा विचारलं. मग आईला हाक मारून म्हणाले, "अगं ऐकलंस का, साहेबाला नाही दिला ह्याने!" मला वाटलं, हीच वेळ आहे. म्हटलं, बाबा, आता तरी मंडळाला लिहून द्या.

बाबा विचारात पडले. मग म्हणाले, तोंडी विनंती आपण घेत नाही, लेखी अर्ज कर. म्हणून हा अर्ज लिहितो.

प्रति,
मा. प्रवेश नियंत्रक,
आतली खोली.

विषय: आत गेलेला इसम अर्जदारच असल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की, अर्जदार हा आपला मुलगा असून जन्मापासून आपल्या देखरेखीखाली आहे. परीक्षेच्या दिवशी आपण गॅस पाहण्यास गेला असता अर्जदाराची तपासणी होऊ शकली नाही, हे अर्जदारास मान्य आहे. तरी ती तपासणी झाली होती, ती आपणच केली होती व तीत अर्जदार खरा ठरला होता, असे पूर्वलक्षी प्रभावाने घडवून आणावे व तसा दाखला महिनाअखेरीपूर्वी देण्याची कृपा करावी. आपल्या सचोटीस बाध न येता हे कसे करावे, याबाबतचे मार्गदर्शनही आपणच करावे, ही विनंती.

सोबत: अर्जदार, मूळ प्रत (साक्षांकित नाही).